मोबाईलवरील विनापरवाना कॅसिनो आणि शेतकऱ्याचा हंगामी पैसा

सोयाबीनची मळणी आटोपली आणि कापसाच्या पहिल्या दोन वेचण्या झाल्या म्हणजे बुलडाणा जिल्ह्यात शेतकऱ्याच्या हाती पैसा येण्याचा काळ सुरू होतो. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर येथील बाजार समित्यांत गाड्यांच्या रांगा लागतात. पूर्वी हिशेबपट्टी आणि रोख रक्कम घेऊन शेतकरी घरी येत असे. आता रक्कम बहुधा बँक खात्यात जमा होते आणि तसा संदेश मोबाईलवर येतो. त्याच मोबाईलवर दुसरेही संदेश येत असतात. "५०० रुपये भरा, ५०० रुपये बोनस मिळवा", "घरबसल्या रोज कमवा" असा त्यांचा मजकूर असतो आणि खाली एक दुवा दिलेला असतो. तो दाबला की चक्र, पत्ते किंवा उडत जाणारे विमान पडद्यावर दिसू लागते. यालाच ऑनलाईन कॅसिनो म्हणतात.

कृषी विद्यापीठाच्या पत्रिकेत जुगारावर लेख कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. बीजप्रक्रिया, खतांच्या मात्रा, कीड नियंत्रण यांतून एकरी हजार-दोन हजार रुपये कसे वाचवावेत हे आपण या पानांतून वाचतो. तेवढी रक्कम मोबाईलवर एका रात्रीत जात असेल, तर पुढच्या हंगामाचे भांडवल कोठून येणार? शेती खर्चाचा विचार करताना ही गळतीही मोजली पाहिजे.

कापसाच्या भावावरील आकडा

जुगार आपल्या भागाला नवा नाही. पोळ्याला पत्ते खेळण्याची वाईट प्रथा अनेक गावांत आहे. यात्रेतील तितली-भवरा आणि वरली मटका ही नावेही सर्वांना ठाऊक आहेत. मात्र मटक्याचा आणि आपल्या कापसाचा संबंध किती जवळचा आहे हे अनेकांना माहीत नसते. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबईला न्यूयॉर्क कापूस बाजाराचे सुरुवातीचे आणि बंद होतानाचे भाव तारयंत्रावर येत. त्या भावातील शेवटच्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून हे भाव येणे थांबले, तेव्हा सट्टेवाल्यांनी आकडा काढण्याची स्वतःची रीत सुरू केली. १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी चालविलेला आकडा पुढे मटका म्हणून राज्यभर पसरला. ज्या खामगावला १८७० मध्ये रेल्वे आली ती मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठी, त्याच पिकाच्या भावातून हा जुगार जन्मला.

आज सर्व महाराष्ट्रास लागू असलेला महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम १८८७ चा आहे. त्यात जुगारअड्ड्याची व्याख्या देताना कापसाच्या बाजारभावावर, त्या भावातील अंकांवर, पाऊस पडेल की नाही यावर आणि पाऊस किती पडेल यावर पैसे लावण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या जिवावरच्या दोन गोष्टी, पाऊस आणि भाव, जुगाऱ्यांनी फार पूर्वीच पटावर मांडल्या होत्या.

मटक्यात आणि मोबाईलवरील कॅसिनोत मोठा फरक आहे तो फेऱ्यांचा.

फेऱ्यांचा हिशेब

मटक्यात शून्य ते नऊ असे दहा आकडे असतात. एका आकड्यावर लावलेल्या रुपयाला साधारणपणे नऊ रुपये मिळतात. खेळ बरोबरीचा असता तर दहा मिळावयास हवे होते. याचा अर्थ लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी दहा रुपये चालविणाऱ्याकडे राहतात. ओपन आणि क्लोज मिळून दिवसातून दोनदा शंभर-शंभर रुपये लावणाऱ्याचे सरासरी वीस रुपये रोज जातात.

आता कॅसिनोतील चक्र, म्हणजे रुलेट, पाहू. त्याच्या प्रचलित प्रकारात ० ते ३६ असे ३७ खाने असतात. एका खान्यावर पैसे लावून जिंकल्यास लावलेली रक्कम धरून ३६ पट मिळते. खाने ३७ आणि परतावा ३६ पट, यातील एका खान्याचा फरक हीच चालविणाऱ्याची कायमची कमाई. टक्केवारीत ती सुमारे २.७ येते. मटक्यातील दहा टक्क्यांपुढे हा आकडा किरकोळ वाटतो आणि येथेच माणूस फसतो.

मोबाईलवर चक्राची एक फेरी अर्ध्या मिनिटात होते असे धरले तर तासाला १२० फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीला १०० रुपये लावले, तर एका तासात १२,००० रुपये पटावरून फिरतात आणि त्यातील सरासरी ३२४ रुपये कापले जातात. मटक्यात दिवसाला वीस, येथे तासाला सव्वातीनशे. ठिबकच्या नळीला सुईएवढे छिद्र असले तरी पंप रात्रभर चालू राहिल्यास टाकी रिकामी होते, तसाच हा प्रकार आहे.

सोयाबीनच्या भाषेत सांगावयाचे तर २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. तो पदरात पडलाच असे धरून चालू. फेरीला १०० रुपये लावणारा माणूस साडेसोळा तासांत एक क्विंटल सोयाबीन घालवतो. रोज रात्री दोन तास खेळला तर आठ रात्री पुरतात. फेरीला ५०० रुपये लावू लागला, तर तेच सोयाबीन सव्वातीन तासांत जाते. हा सरासरीचा हिशेब आहे. एखाद्या रात्री तो जिंकेलही. मात्र फेऱ्या जितक्या वाढतील तितका निकाल या सरासरीच्या जवळ सरकतो, आणि फेऱ्या वाढाव्यात अशीच सर्व रचना केलेली असते.

तरुण मुलांत 'एव्हिएटर' नावाचा विमानाचा खेळ विशेष पसरला आहे. विमान वर जाते तशी रक्कम दीडपट, दुप्पट, तिप्पट होत जाते आणि ते नाहीसे होण्याआधी बटण दाबावे लागते. बटण आपण दाबतो म्हणून हे कौशल्य आहे असा समज होतो. प्रत्यक्षात विमान कोठे नाहीसे होणार हे आपल्या बोटावर अवलंबून नसते. मूळ कंपनीने जाहीर केलेला परतावाही ९७ टक्केच आहे, म्हणजे शंभरास तीन रुपये कपात ठरलेलीच. त्यावर नक्कल केलेली विमाने किती कापत असतील ते चालविणाराच जाणे. "विमान कोठे थांबेल ते आम्ही आधी सांगतो" म्हणून टेलिग्रामवर पैसे घेणारे लोक तर उघडच फसवणूक करतात. ज्याला ते ठाऊक आहे तो पाचशे रुपयांत दुसऱ्याला कशाला सांगेल?

दुप्पट लावण्याची चाल

हरल्यावर पुढच्या वेळी दुप्पट लावायचे, म्हणजे एकदा जिंकले की सर्व वसूल होऊन वर शंभर रुपये सुटतात, ही युक्ती गावोगावी कोणी ना कोणी सांगत असतो. ती कागदावर मांडून पाहावी. लाल किंवा काळ्या रंगावर १०० रुपये लावले. हरल्यास २००, मग ४००, ८००, १,६००, ३,२००, ६,४०० आणि १२,८००. आठ वेळा ओळीने हरल्यास एकूण २५,५०० रुपये गेलेले असतात आणि नवव्यांदा २५,६०० रुपये हवे असतात.

आठ वेळा ओळीने हार कशी होईल, असे वाटते. रंगावर लावल्यास ३७ पैकी १९ खाने आपल्या विरुद्ध असतात. त्यावरून हिशेब केला असता साधारण २०७ डावांमागे एकदा अशी सलग आठ हार येते. तासाला १२० फेऱ्या म्हणजे असे सुमारे ५८ डाव होतात. याचा अर्थ तीन-साडेतीन तासांच्या खेळात सरासरी एकदा ती वेळ येणार. तोपर्यंत शंभर-शंभर करून सुमारे २०,६०० रुपये जमलेले असतात आणि एका फटक्यात २५,५०० रुपये जातात. वीस रात्री जिंकणारा माणूस एकविसाव्या रात्री पीककर्जाची रक्कम का घालवून बसतो, याचे गूढ एवढेच आहे.

वरील सर्व हिशेब चक्र प्रामाणिक आहे असे धरून केला आहे.

परवाना नसणे म्हणजे काय

चोरबीटीची पिशवी घेणाऱ्या शेतकऱ्यास हे लवकर समजेल. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर निळी खूणचिठ्ठी असते, लॉट क्रमांक असतो, दुकानदाराची पावती असते. उगवण झाली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, पंचनामा होतो, ग्राहक आयोगाकडे जाता येते. चोरबीटीला यातील काहीच नाही. उगवले तर उगवले. विनापरवाना कॅसिनोचे नेमके तसेच आहे. ज्या देशांत असा खेळ परवान्याने चालतो, तेथे आकडे काढणाऱ्या यंत्रणेची तपासणी होते आणि तक्रार ऐकणारी संस्था असते. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यामागे चक्र कोण फिरवतो, तो कोणत्या देशात बसला आहे, परतावा ९७ टक्के आहे की ६७, हे तपासणारा कोणीही नसतो. पानाच्या तळाशी कुरसावसारख्या दूरच्या बेटाच्या परवान्याचा शिक्का दाखवलेला असतो. तो खरा असला तरी आपल्याकडे त्याला काही किंमत नाही.

महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी नाही. १९७६ मध्ये राज्याने कॅसिनोसंबंधी एक कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. गोव्यातील कॅसिनो हे त्या राज्याच्या कायद्याने तेथील जागेपुरते चालतात. त्यांच्या नावाने मोबाईलवर येणारा दुवा म्हणजे गोव्याचा परवाना नव्हे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगसंबंधी कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. पैसे लावून खेळण्याच्या सर्व ऑनलाईन खेळांवर, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, त्याने बंदी घातली. असे खेळ चालविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद व ५० लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. या खेळांमुळे देशात सुमारे ४५ कोटी लोक बाधित होतात आणि २० हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम गमावतात, असा अंदाज केंद्र सरकारने त्या वेळी सांगितला होता. कायदा होताच नोंदणीकृत मोठ्या भारतीय कंपन्यांनी पैशाचे खेळ थांबविले. परंतु जे आधीपासूनच कायद्याबाहेर होते ते कशाला थांबतील? उलट, बंद झालेल्या खेळांचे गिऱ्हाईक आपल्याकडे वळविण्याची त्यांना संधीच मिळाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने महादेव बुकसह २२ सट्टा ॲप व संकेतस्थळांवर बंदी आणली होती. अशी बंदी आली की नावातील एक अक्षर बदलून तेच दुकान दुसऱ्या पत्त्यावर उघडते.

आणखी एक कायदा माहीत असावा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो. जिंकलेली रक्कम मिळाली नाही म्हणून कोणत्याही न्यायालयात दावा लावता येत नाही. हरलेले पैसे लगेच जातात. जिंकलेले मिळणे ही सर्वस्वी समोरच्याची मर्जी असते.

गोंदियाचे प्रकरण

जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदिया येथील एका घरावर छापा घातला. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने फिर्याद दिली होती. आरोपीने त्याला व्हॉट्सॲपवर दुवा पाठवून जुगाराचे खाते उघडून दिले. त्या खात्यात ८ लाख रुपये जमा दिसले म्हणून व्यापाऱ्याचा विश्वास बसला आणि तो खेळू लागला. पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार त्याने सुमारे ५ कोटी रुपये जिंकले आणि ५८ कोटींच्या आसपास गमावले. छाप्यात पहिल्याच दिवशी १४ कोटींहून अधिक रोख रक्कम आणि सुमारे ४ किलो सोने मिळाले. हे मोठ्या व्यापाऱ्याचे प्रकरण, आपला काय संबंध, असे म्हणून चालणार नाही. आधी थोडे जिंकू द्यायचे, विश्वास बसवायचा आणि मग ओढायचे, ही रीत पाच हजार रुपये लावणाऱ्यालाही तशीच लागू होते. आकड्यातील शून्ये तेवढी कमी असतात.

पैसे काढताना

सुरुवातीचे दोन-तीन हजार रुपये सहज निघतात. रक्कम वाढली की अडचणी सुरू होतात. "बोनसच्या वीसपट खेळल्याशिवाय पैसे निघणार नाहीत", "खाते पडताळणीसाठी ५,००० भरा", "तुमच्या बक्षिसावर ३० टक्के कर आहे, तो आधी भरा" असे सांगण्यात येते. येथे एक खूण लक्षात ठेवावी. जिंकलेल्या रकमेवरील आयकर देणाऱ्याने रकमेतूनच कापून सरकारकडे भरावयाचा असतो. तो आधी वेगळा मागणारा माणूस कर वसूल करीत नसून लुबाडत आहे.

समजा, हे सर्व पार पडून पैसे खात्यात आले. खरी अडचण पुष्कळदा येथूनच सुरू होते, आणि याची चर्चा सर्वांत कमी होते. असे कॅसिनो आपल्या नावाने बँकेत खाते ठेवू शकत नाहीत. ते इतर लोकांच्या, भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पैसे फिरवितात. त्याच खात्यांतून फसवणुकीचे पैसेही फिरत असतात. दूरच्या एखाद्या राज्यात कोणी फसवणुकीची तक्रार केली की सायबर पोलीस त्या पैशाचा माग काढतात, आणि तो ज्या ज्या खात्यांत गेला ती खाती बँकेमार्फत गोठविली जातात किंवा तेवढी रक्कम अडविली जाते. तुमच्या खात्यात आलेले दोन हजार रुपये त्या साखळीतील असतील, तर तुमचेही खाते अडकते.

शेतकऱ्याचे हे खाते नुसते बचतीचे नसते. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये, राज्याच्या नमो शेतकरी योजनेची रक्कम, पीकविमा, अतिवृष्टीचे अनुदान हे सर्व आधार जोडलेल्या खात्यात जमा होते. खाते गोठले की पैसे आत येतात, पण बाहेर काढता येत नाहीत. पेरणी जूनमध्ये आणि खाते मोकळे करण्यासाठी परराज्यातील पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार चालू, अशी अवस्था होते.

"तुझे पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम कार्ड दे, महिन्याला पाच-दहा हजार देतो" असे सांगणारे लोक याच धंद्यासाठी खाती गोळा करतात. कॉलेजात जाणारी मुले याला लवकर भुलतात. कार्ड दिले म्हणजे त्या खात्यावरील प्रत्येक व्यवहाराची जबाबदारी खातेदारावर येते. खेळणारा फार तर पैसे गमावतो. खाते देणारा आरोपी होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने चालविलेल्या अनधिकृत सट्टा-जुगाराचा समावेश असून त्यास १ ते ७ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

कर्जाची फिरत

हरलेले पैसे परत मिळविण्यासाठी माणूस प्रथम पीककर्जाला हात लावतो. मार्चअखेर परतफेड झाली नाही की व्याज सवलत जाते आणि पुढील हंगामाचे कर्ज अडते. मग कर्ज देणारे ॲप किंवा गावातील सावकार. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवानाधारक सावकारास शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपेक्षा अधिक व्याज घेता येत नाही. महिन्याला पाच टक्के मागणारा सावकार कायद्याबाहेर आहे हे उघड आहे. शेतजमिनीची खरेदी लिहून घेऊन कर्ज दिले असल्यास तालुक्याचे सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी अर्ज करता येतो. कर्ज कशासाठी घेतले या लाजेने पुष्कळजण अर्ज करीत नाहीत. तसे करू नये. चौकशी सावकारीची होते.

घरच्यांनी काय पाहावे

जुगाराचे व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेला मानसिक विकार आहे. दारूचा वास येतो, याचा येत नाही. रात्री उशिरापर्यंत मोबाईल, विचारल्यास चिडणे, खत-औषधाच्या उधारीबद्दल टाळाटाळ, घरातील दागिना अचानक गहाण पडणे, ही लक्षणे एकत्र दिसल्यास बँकेचे पासबुक भरून आणून शांतपणे पाहावे. रात्री अकरानंतर अनोळखी नावांवर गेलेल्या लहान-लहान यूपीआय रकमांची रांग दिसली, तर वेगळे विचारण्याची गरज राहत नाही. अशा वेळी भांडून मोबाईल फोडण्याचा उपयोग होत नाही, दुसरा मोबाईल येतो. यूपीआयची दैनिक मर्यादा कमी करून घेणे आणि शेतीचा पैसा पती-पत्नीच्या संयुक्त सहीच्या खात्यात ठेवणे अधिक उपयोगी पडते. १४४१६ हा टेलिमानसचा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार कोणी बोलून दाखविल्यास तो क्रमांक लावण्यास सकाळची वाट पाहू नये.

फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार गेल्यास रक्कम पुढे सरकण्याआधी अडविली जाण्याची शक्यता असते. दोन दिवसांनी ती दहा खात्यांत वाटली गेलेली असते. व्यवहार क्रमांक, ज्या नावावर पैसे गेले त्याचे चित्र आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण पुसू नये. २०२५ च्या कायद्यात केवळ खेळणाऱ्यास शिक्षा ठेवलेली नाही, म्हणून त्या भीतीने तक्रार टाळू नये.

आपले खाते गोठले असल्यास शाखा व्यवस्थापकाकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : तक्रारीचा पोच क्रमांक, कोणत्या राज्यातील कोणत्या पोलीस ठाण्याने कळविले ते, आणि अडविलेली रक्कम किती. वादातील रक्कम दोन हजार असेल तर तेवढीच अडवून बाकी खाते मोकळे करावे, असा अर्ज बँकेस आणि त्या पोलीस ठाण्यास द्यावा. सोबत बाजार समितीची हिशेबपट्टी, सातबारा आणि अनुदानाच्या नोंदी जोडल्यास उरलेला पैसा शेतीचा आहे हे दाखविता येते. दरम्यान पोस्टात किंवा दुसऱ्या बँकेत खाते उघडून आधार त्यास जोडून घ्यावा, म्हणजे पुढचे हप्ते व विम्याची रक्कम तेथे जमा होईल. हे काम मे महिन्यातच उरकावे. पेरणीच्या तोंडावर बँकेत गर्दी असते.